चित्रातील ‘जणू’ : कीटकांच्या संयुक्त छायाचित्रांविषयी काही विचार

१

प्रस्तुत लेखाचा विषय भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रथमदर्शनी परका वाटण्याचा संभव आहे. कीटकांची अगदी जवळून घेतलेली छायाचित्रे, म्हणजे ज्यांना आज सर्वत्र ‘मॅक्रो’ छायाचित्रे म्हणतात ती, संगणकावर इतर वस्तूंच्या छायाचित्रांशी जोडून विनोदी व कल्पनारम्य चित्रे तयार करण्याची एक कला गेल्या तीन दशकांत चांगलीच रूढ झाली आहे. मुंगळा हातगाडी ओढीत आहे, चतुर धावपट्टीवर उतरत आहे, भुंगेऱ्याने शिरस्त्राण घातले आहे, अशा प्रकारची ही चित्रे होत. त्यांचा आस्वाद घेण्यास कोणत्याही शास्त्राची आवश्यकता नाही. परंतु ती खेळ आहेत हे आपल्याला कशावरून कळते, आणि तशाच रीतीने जोडलेली दुसरी चित्रे आपली फसवणूक का करू शकतात, हा प्रश्न अर्थविचाराचा आहे. म्हणून तो आपल्या कक्षेत येतो.

प्रश्नाचे स्वरूप प्रारंभीच स्पष्ट केलेले बरे. ‘ती माशी जणू कुंभारीणच’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘जणू’ हे अव्यय एक महत्त्वाचे काम करीत असते. बोलणारा ती माशी खरोखर कुंभारीण असल्याचे सांगत नाही, तशी कल्पना करीत आहे, ही सूचना ते वाक्यातच देऊन ठेवते. जणू, जणू काय, भासे, वाटे, गमे हे उत्प्रेक्षेचे वाचक शब्द आपण शालेय व्याकरणातच शिकलेलो असतो. चित्राजवळ मात्र असा शब्द नाही. छायाचित्राजवळ तर तो मुळीच नाही; कारण ‘हे असे होते’ एवढेच सांगण्याची त्याची ख्याती आहे. मग चित्रातील ‘जणू’ कोठे असतो?

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मराठीने कीटकांवर ही कल्पनेची जोडणी कॅमेरा येण्याच्या फार पूर्वीच केलेली आहे. ‘नाकतोडा’ हा उघड उपपद तत्पुरुष. ‘टाचणी’ हे शुद्ध रूपक. ‘खंडोबाचा घोडा’ ही एक छोटी कथाच. आणि ‘कुंभारीण’ हे नाव तर एका व्यवसायाचे चित्र आहे. ही नावे घेणारा कोणीही टाचणीला कापड टोचावयास जात नाही. म्हणजे भाषेत ही जोडणी निर्धोकपणे नांदते. चित्रात ती निर्धोक राहण्यासाठी काय करावे लागते, हे पाहू.

२

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सामान्यतः असे मानले जाते की, एका क्षणी एका दृष्टिक्षेपात टिपलेले चित्र म्हणजे खरे, आणि तुकडे जोडून केलेले चित्र म्हणजे बनावट. कीटकांच्या बाबतीत हा भेद टिकत नाही.

१६६५ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झालेल्या रॉबर्ट हूकच्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात पिसवेचे एक मोठे, पानाबाहेर उलगडणारे चित्र आहे. हे चित्र एका दृष्टिक्षेपाचे नव्हे. एकच वस्तू वेगवेगळ्या प्रकाशात आणि त्या प्रकाशाशी वेगवेगळ्या कोनांत पुनःपुन्हा पाहून तिचे खरे रूप निश्चित झाल्यावाचून आपण रेखाटनास आरंभ केला नाही, असे हूकने प्रस्तावनेत सांगितले आहे. मुंगी स्थिर राहीना म्हणून त्याने तिला मद्यार्कात बुडवून निश्चेष्ट केले, आणि काही वेळाने ती उठून चालू लागली, असेही त्याने नोंदविले आहे. तात्पर्य, त्या विख्यात रेखाचित्रांतील प्रत्येक चित्र अनेक निरीक्षणांची बेरीज आहे.

छायाचित्रणातही हीच अडचण वेगळ्या रूपाने उभी राहते. वस्तू जितकी जवळ तितका तिचा स्पष्ट दिसणारा पट्टा पातळ, हा प्रकाशशास्त्राचा नियम आहे. कॅमेऱ्यातील संवेदकावर कीटकाची प्रतिमा त्याच्या प्रत्यक्ष आकाराएवढी पडत असेल आणि लेन्सचे छिद्र एफ ८ वर ठेवले असेल, तर हा पट्टा सुमारे १ मिलिमीटर जाडीचा असतो. प्रतिमा पाचपट मोठी केली आणि छिद्र एफ ४ वर आणले, तर तो सुमारे ०.०६ मिलिमीटर एवढाच उरतो. माशीचा डोळा स्पष्ट आला तर मिशा धूसर, मिशा आल्या तर पंख धूसर, अशी स्थिती होते. छिद्र फार लहान करूनही सुटका नाही. कारण मग प्रकाशाच्या विवर्तनामुळे सर्वच चित्र मऊ पडते. यावरील उपाय म्हणजे कॅमेरा किंचित किंचित पुढे सरकवीत अनेक छायाचित्रे घ्यावयाची आणि प्रत्येकातील स्पष्ट भाग तेवढा निवडून संगणकाकरवी त्यांचे एक चित्र करावयाचे. यास ‘फोकस स्टॅकिंग’ म्हणतात.

या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे लेव्हन बिस या छायाचित्रकाराची ‘मायक्रोस्कल्प्चर’ ही चित्रमालिका होय. २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयात ती प्रथम मांडली गेली. संग्रहालयातील एकेका कीटकनमुन्याचे सुमारे ३० भाग कल्पून, प्रत्येक भागास स्वतंत्र प्रकाश देऊन, दोन छायाचित्रांमध्ये १० मायक्रॉनचे अंतर ठेवून ही छायाचित्रे घेतली गेली. आणि एकेक अंतिम चित्र सुमारे ८,००० ते १०,००० छायाचित्रांतून साकार झाले. ते चित्र कोणत्याही एका क्षणी, कोणत्याही एका डोळ्याला दिसलेले नाही. तरीही ते खोटे आहे असे कीटकशास्त्रज्ञ म्हणणार नाहीत. त्याचे कारण असे की, जे अवयव नमुन्यात एकत्र आहेत तेच चित्रात एकत्र आणले गेले. येथे जोड आहे. पण जोडाने केलेले विधान वस्तुस्थितीशी जुळते.

म्हणून जोड असणे वा नसणे हा खऱ्याखोट्याचा निकष होऊ शकत नाही. त्या जोडातून कोणते विधान निघते, आणि ते विधान म्हणून केले आहे की कल्पना म्हणून, हा निकष होय.

३

आता कल्पनाचित्राकडे वळू. चर्चा नेमकी व्हावी म्हणून एकच उदाहरण घेतो : कुंभारीण माशी फिरत्या चाकावर मडके घडवीत आहे, असे चित्र करावयाचे आहे.

या उदाहरणाची निवड सहेतुक आहे. ही गांधीलमाशीच्या कुळातील एकलकोंडी माशी होय. ओल्या जागेवरून ती चिखलाची गोळी जबड्यात धरून आणते, भिंतीच्या किंवा काटकीच्या आधाराने मातीचे घर बांधते, नांगी मारून लुळी केलेली अळी किंवा कोळी त्यात साठविते, अंडे घालते आणि घराचे तोंड लिंपून टाकते. हिच्या काही जातींचे घर तर आखूड गळ्याच्या लहानशा मडक्यासारखे असते. विशेष असे की, हे बांधकाम फक्त मादी करते. तेव्हा मराठीने या माशीला दिलेले स्त्रीलिंग जीवशास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे.

पहिली सामग्री म्हणजे माशीचे छायाचित्र. ते तिच्या घराजवळ, ती गोळी घेऊन उतरत असताना मिळते. दुसरी सामग्री म्हणजे चाक. या दोहोंचे थर संगणकावर एकावर एक ठेवावयाचे. ‘फोटोशॉप’ या प्रसिद्ध आज्ञावलीत थरांची ही सोय १९९४ मध्ये आली. मात्र तिच्यामागील गणित त्याआधीच पोर्टर आणि डफ यांनी १९८४ मधील आपल्या निबंधात व्यवस्थित मांडले होते. चित्रातील प्रत्येक बिंदूस, म्हणजे पिक्सेलला, रंगाबरोबरच ० ते १ यांमधील एक अंक दिला जातो. हा अंक त्या ठिकाणी वरचा थर किती अपारदर्शक आहे ते सांगतो. अंकास ‘अ’ म्हटले तर दिसणारा रंग पुढीलप्रमाणे निघतो :

दिसणारा रंग = अ × वरचा रंग + (१ − अ) × खालचा रंग

माशीच्या पोटावर ‘अ’ची किंमत १ असते, तिच्या बाहेर ० असते, आणि मिशांवर, पायांच्या लवीवर व पारदर्शक पंखांवर ती या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी असते. या अंकांच्या नकाशास कारागीर ‘मास्क’ म्हणतात. कात्रीने कापल्यासारखी दिसणारी वाईट जोडणी आणि डोळ्यास न खुपणारी चांगली जोडणी यांतील फरक बहुधा या मधल्या अंकांत असतो. लवीच्या केसामागून चाक किंचित दिसले पाहिजे. पंखातून ते त्याहून अधिक दिसले पाहिजे.

परंतु कडा साधल्या म्हणजे चित्र साधले असे नव्हे. वाक्यात कर्ता आणि क्रियापद यांचा लिंगवचनांत मेळ लागावा लागतो, तसे येथे तीन मेळ साधावे लागतात.

पहिला प्रकाशाचा. माशीवर उजेड डावीकडून पडला असेल आणि चाकावर उजवीकडून, तर पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, पण चित्र खटकते. व्याकरण न शिकलेल्यालाही ‘ती आला’ हे खटकते, त्याप्रमाणेच.

दुसरा स्पर्शाचा. प्रत्येक पाऊल जेथे टेकते तेथे त्याखाली एक बारीक, गडद सावली असते. ती काढली नाही तर माशी चाकावर बसत नाही, चाकासमोर तरंगते.

तिसरा स्पष्टतेच्या पट्ट्याचा. आणि हा सर्वांत महत्त्वाचा. खऱ्या कुंभाराचे चाक चारपाच हातांवरून टिपले तर ते पुढूनमागून बहुतेक सारखेच स्पष्ट येते. त्यावर दोन सेंटिमीटरांची माशी ठेवली, तर तिचे पंख धूसर आणि तिच्या मागचे चाक लख्ख, अशी विसंगती उत्पन्न होते. धूसरतेवरून आपण नकळत वस्तूचा आकार अजमावीत असतो. हेल्ड, कूपर, ओब्रायन व बँक्स यांनी २०१० मध्ये या परिणामाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला आहे. म्हणून कर्त्याने निर्णय घ्यावा लागतो. मातीचे बोटभर चाक करून ते त्याच लेन्सने, तितक्याच जवळून टिपले, तर कुंभारवाडा माशीएवढा लहान होतो. उलट माशीची अनेक छायाचित्रे जोडून तिला आद्यंत स्पष्ट केले आणि खरे चाक वापरले, तर माशी माणसाएवढी मोठी होते. पहिल्या चित्रात कौतुक आहे, दुसऱ्यात थोडी भीती आहे. उपमेय आणि उपमान यांची अदलाबदल केल्याने अर्थाचा रोख बदलतो, त्याचेच हे दृश्य रूप म्हणता येईल.

४

हे तिन्ही मेळ साधल्यावर चित्र ‘शुद्ध’ होते. प्रश्न असा की, इतके शुद्ध चित्र पाहूनही, माशी खरोखर चाक फिरविते असे कोणी का समजत नाही?

शाब्दबोधाच्या विवेचनात वाक्यार्थास आकांक्षा, योग्यता व संनिधी अशा तीन गोष्टींची अपेक्षा सांगितली आहे. ‘अग्नीने शिंपतो’ या प्रसिद्ध उदाहरणात शब्दांना परस्परांची आकांक्षा आहे, ते जवळजवळही आहेत. पण अग्नीने शिंपणे शक्य नसल्यामुळे योग्यता नाही. आपल्या चित्राची गत हीच आहे. हाताने काम करणाऱ्याला साधनाची आकांक्षा असते. ते साधन त्याच्या संनिध आहे. पण माशी आणि चाक यांच्यात योग्यता नाही. मात्र येथे योग्यतेचा अभाव हा दोष नसून सूचना आहे. बाकी सर्व काटेकोरपणे जुळविलेले असताना हीच एक गोष्ट ढळढळीतपणे जुळत नाही, यावरून ती मुद्दाम केलेली आहे हे पाहणारा ओळखतो. चित्रातील ‘जणू’ तो हाच.

असे मुद्दाम मानण्याला आपल्या शास्त्रकारांनी ‘आहार्य ज्ञान’ असे नेमके नाव दिलेले आहे. अमुक वस्तू तमुक नव्हे हे ठाऊक असतानाच, इच्छेने, ती तशी आहे असे मानणे म्हणजे आहार्य ज्ञान. रूपक व उत्प्रेक्षा यांचे भ्रमापासूनचे वेगळेपण साहित्यशास्त्र याच आधारावर सांगते. भ्रमात बाधक ज्ञान नसते; आहार्यात ते जागे असते. संयुक्तचित्राचा आनंद हे बाधक ज्ञान जागे असण्यात आहे. ते मावळले की आनंद जातो आणि उरते ती केवळ चुकीची माहिती.

यासंबंधी संगणकपूर्व काळातील एक उदाहरण उद्बोधक आहे. व्लादिस्लाव स्तारेविच (१८८२–१९६५) हा पोलिश कुळातील, मॉस्कोत जन्मलेला गृहस्थ लिथुएनियातील कौनास येथे संग्रहालयाचे काम पाहत असे. शिंगभुंगेऱ्यांच्या नरांची झुंज चित्रपटात टिपावी असे त्याने ठरविले. पण हे कीटक निशाचर. दिवे लावताच ते निश्चल होत. तेव्हा त्याने मृत भुंगेऱ्यांना लाखेने तारा जोडून, त्यांना किंचित किंचित हलवीत, एकेक चित्र घेऊन १९१० मध्ये ती झुंज पडद्यावर घडवून आणली. पुढे १९१२ मधील ‘कॅमेरामनचा सूड’ या त्याच्या चित्रपटात भुंगेरा हा संसारी गृहस्थ आहे, चतुर ही नर्तकी आहे, आणि नाकतोडा हातात कॅमेरा घेऊन कुलपाच्या भोकातून त्यांचे प्रकरण टिपतो आहे. या दोन कृतींत तंत्र एकच आहे. अर्थव्यापार मात्र भिन्न आहे. भुंगेरे खरोखर झुंजतात. म्हणून पहिल्या चित्रपटात अयोग्यता कोठेच नाही, आणि प्रेक्षक त्यास जिवंत झुंज समजला तर त्याचा दोष नाही. दुसऱ्यात नाकतोड्याच्या हातातील कॅमेरा हाच ‘जणू’ आहे. तरीही त्या काळच्या काही इंग्रज समीक्षकांना हे कीटक शिकविलेले आहेत असे वाटले, अशी कथा स्तारेविचविषयीच्या लेखनात वारंवार येते. ‘जणू’ची खूण पाहणाऱ्याच्या ज्ञानावर अवलंबून असते, एवढे त्यावरून ध्यानात घ्यावे. तंत्र नवे असेल तेव्हा शक्य काय आणि अशक्य काय याचा अंदाजच डळमळीत होतो.

५

भ्रांतीची दोन उदाहरणे आता पाहू. दोहोंत कीटकांचा संबंध आहे, आणि दोहोंत चूक अनपेक्षित ठिकाणी आहे.

१९१७ मध्ये इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात, कॉटिंग्ली या गावी, एल्सी राइट आणि फ्रान्सिस ग्रिफिथ्स या दोन मुलींनी पऱ्यांबरोबरची छायाचित्रे काढली. या पऱ्यांना फुलपाखरांसारखे पंख होते. आर्थर कॉनन डॉइल याने डिसेंबर १९२० च्या ‘स्ट्रँड’ मासिकात ती खरी म्हणून प्रसिद्ध केली. त्यापूर्वी ज्या जाणकाराने काचा तपासल्या त्याने असा निर्वाळा दिला होता की, छायाचित्र एकाच वेळी घेतलेले आहे, त्यात दुहेरी प्रतिमा नाही. हा निर्वाळा त्यापुरता बरोबरच होता! परीचे चित्र एका पुस्तकावरून उतरवून, कातरून, टोपीला लावावयाच्या पिनांनी गवतात उभे केलेले होते. १९८३ मध्ये त्या दोघींनी तसे सांगितले. म्हणजे छायाचित्रात जोड नव्हता. जोड कॅमेऱ्यासमोरच्या जगात होता. ‘तुकडे जोडलेले दिसत नाहीत, म्हणून खरे’ या अनुमानाची मर्यादा याहून चांगल्या रीतीने दाखविता येणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्या परंपरेतील आहे, आणि ते आपल्या कुंभारणीचेच आहे. भ्रमरकीटन्याय सर्वांच्या परिचयाचा आहे. माशी अळीला मातीच्या घरात कोंडते. अळी भीतीने माशीचे सतत ध्यान करते. आणि त्या ध्यानाने तीच माशी होऊन बाहेर पडते. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंत या कीटकाची गणना आहे. ध्यानाने ध्याता ध्येयरूप होतो या सिद्धांताचा दृष्टांत म्हणून त्याचे मोल वेगळे आहे, आणि ते कमी होण्याचे कारण नाही. निरीक्षण म्हणून पाहिले असता मात्र त्याची घडण मोठी उद्बोधक दिसते. आत गेलेली अळी खरी. बाहेर आलेली माशीही खरी. दोन्ही दृश्ये कोणीतरी डोळ्यांनी पाहिलेली आहेत. मधली दृश्ये मात्र मातीच्या भिंतीआड घडली : अंड्यातून निघालेल्या माशीच्या पिलाने ती अळी खाल्ली, त्याचा कोश झाला आणि माशी बाहेर आली. दोन खरी दृश्ये परस्परांस चिकटविली गेली आणि त्यांच्यामधील सांधा तेवढा कल्पनेने भरला गेला. खऱ्या तुकड्यांपासून खोटे विधान कसे निर्माण होते, त्याचा हा नमुना होय.

६

वरील विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो, आणि तो रूढ समजुतीच्या उलट आहे. चित्र जितके अधिक विलक्षण, तितके ते निर्धोक. आणि जितके अधिक संभाव्य, तितके धोक्याचे.

उदाहरण घेऊ. प्लेन टायगर या फुलपाखराची अळी रुईवर वाढते. रुईचा चीक विषारी, आणि ही अळी त्यावरच पोसते; तेव्हा रुईचे पान ही तिची केवळ पार्श्वभूमी नव्हे, तिच्या चरित्राचा भाग आहे. लिंबाच्या फुलपाखराची अळी लिंबू, कढीलिंब यांसारख्या झाडांवर वाढते. आता एखाद्या हौशी कारागिराने पहिल्या अळीला शिरस्त्राण घालून दुचाकीवर बसविले, तर त्याने कोणाचीही दिशाभूल केली नाही. पण रुईचे पान किडलेले व मळकट होते, एवढ्याच कारणाने त्याने तीच अळी कढीलिंबाच्या टवटवीत डहाळीवर नेऊन ठेवली, तर त्याने एक खोटे शास्त्रीय विधान केले. ‘ही अळी कढीलिंबावर आढळते’ असे ते चित्र सांगते. आणि सांगताना त्यात ‘जणू’ कोठेही नाही. प्रकाश, सावली, स्पष्टता या साऱ्यांचा मेळ जितका उत्तम, तितके ते अधिक फसवे. त्याचा हेतू सौंदर्याचा होता, हे पाहणाऱ्याला कळावयास मार्ग नाही.

‘चित्राखाली टीप लिहावी म्हणजे झाले’ असा येथे एक आक्षेप संभवतो. टीप अवश्य लिहावी. परंतु ‘जणू’ वाक्यात गुंफलेला असतो आणि वाक्याबरोबर प्रवास करतो, तशी टीप चित्राबरोबर प्रवास करीत नाही. हातोहाती, दूरध्वनी ते दूरध्वनी फिरताना चित्र पुढे जाते आणि टीप मागे राहते. म्हणून कल्पनाचित्रातील सूचना शक्यतो चित्राच्या आतच, अयोग्यतेच्या रूपाने असली पाहिजे. याउलट शास्त्रीय चित्रात जोड असेल तर तो झाकू नये. २००४ मध्ये ‘जर्नल ऑफ सेल बायोलॉजी’ या नियतकालिकाचे संपादक रॉसनर आणि यामादा यांनी या विषयावर एक निबंध लिहिला. चित्रातील कोणताही विशिष्ट भाग उठावदार करणे, झाकणे, हलविणे, काढणे किंवा नव्याने घालणे निषिद्ध. आणि निरनिराळ्या चित्रांचे भाग शेजारी ठेवावयाचे असतील तर त्यांच्यामध्ये रेघ दिसली पाहिजे, असा नियम त्यांनी मांडला. अयोग्यता आणि रेघ या दोन्ही एकाच कामाच्या खुणा आहेत : एक खेळात शोभते, दुसरी अभ्यासात.

अलीकडे शब्दांत केलेल्या वर्णनावरून संगणक स्वतःच कीटकाचे चित्र तयार करून देतो. त्याविषयी येथे एवढेच नमूद करतो. संयुक्तचित्रातील प्रत्येक तुकडा कधीतरी, कोठेतरी कॅमेऱ्यासमोर होता. त्या त्या तुकड्यापुरती साक्ष खरी असते, आणि शंका फक्त सांध्याविषयी घ्यावी लागते. यंत्रनिर्मित चित्रात मात्र कोणत्याच अवयवाला साक्षीदार नाही. तेथे पायांची संख्या, मिशांचे पेर, पंखांतील शिरा, सर्वच तपासावे लागते. दोन्ही चित्रे डोळ्याला सारखी दिसली तरी त्यांची प्रमाणता सारखी नाही.

७

शेवटी, या साऱ्याचा आपल्या विभागातील अभ्यासाशी प्रत्यक्ष संबंध कोठे येतो, ते सांगतो. बोलींच्या पाहणीत निवेदकाला चित्र दाखवून वस्तूचे नाव विचारण्याची पद्धत आपण वापरतो. हाताशी येईल ते आकर्षक छायाचित्र छापून नेण्याचा मोह अशा वेळी होतो. पण मॅक्रो छायाचित्राने कीटकाचा आकारच हरविलेला असतो. ‘टाचणी’ हे नाव बारीकपणावरून आलेले आहे. तीच टाचणी चतुराएवढी करून कागदभर छापली, तर निवेदक तिला ‘चतुर’ म्हणेल आणि त्या गावी टाचणीला स्वतंत्र शब्द नाही असा निष्कर्ष आपण नोंदवून मोकळे होऊ. बसलेली टाचणी बहुधा पंख मिटते आणि चतुर ते पसरतो, ही खूणही समोरून घेतलेल्या चित्रात लपते. अळी परक्या पानावर ठेवलेली असेल, तर ज्या झाडावरून तिचे नाव पडले ते झाडच निवेदकाला दिसणार नाही. चित्रातील एक निष्काळजी सांधा शब्दसंग्रहात कायमचा जाऊन बसतो, आणि तो तेथून काढणे फार कठीण असते.

म्हणून तीन पथ्ये सुचवावीशी वाटतात. पाहणीसाठी घेतलेल्या चित्रात कीटकाशेजारी आकाराचे माप असावे, किंवा त्याच्या प्रत्यक्ष आकाराचे दुसरे लहान चित्र द्यावे. पार्श्वभूमी मूळचीच असावी. ती नसल्यास कोरी ठेवावी, परंतु उसनी आणू नये. आणि चित्र अनेक छायाचित्रांचे जोडलेले असेल, तर तशी नोंद शब्दाच्या नोंदीशेजारीच करावी.

खेळासाठी केलेल्या चित्रांना ही पथ्ये लागू नाहीत. त्यांना एकच पथ्य पुरे : कीटकाचे शरीर मोडू नये. सहा पायांचे सहाच राहू द्यावेत. गोळी माशीच्या जबड्यात असेल तर ती जबड्यातच असावी. उपमेयच नीट ओळखता आले नाही तर उत्प्रेक्षा कशावर करावयाची? जिवंत कीटकाला गारठवून किंवा चिकटवून हवी ती बैठक घ्यावयास लावण्याचे जे प्रकार घडतात, त्यांचीही मग आवश्यकता उरत नाही. माशीला तिच्या घराजवळ, तिच्या कामात टिपावे आणि चाक संगणकावर जोडावे.

एक काम मात्र अद्याप व्हावयाचे आहे, आणि ते पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखे आहे. निरनिराळ्या बोलींतील कीटकनामे गोळा करून, त्यांतील प्रत्येक नाव कोणत्या अंगावरून पडले आहे (आकार, आवाज, चाल, व्यवसाय, देवता), याचे वर्गीकरण करावे. आणि प्रत्येक नावाबरोबर त्या कीटकाची दोन चित्रे जोडावीत. एक कीटकाचे, मापासह. दुसरे त्या नावातील कल्पनेचे. बोलणाऱ्यांनी त्या कीटकात काय पाहिले, हे या दोहोंमधील अंतरावरून मोजता येईल.